पालकांचे दूरप्रशिक्षण आणि मुलांचे अवघड वर्तन



मुलांच्या वर्तनाविषयी पालकांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मांडली जाते : "मूल ऐकत नाही." या एका वाक्यात पुष्कळ गोष्टी दडलेल्या असतात. चार वर्षांचा मुलगा भरल्या ताटावरून उठून पळतो. पाच वर्षांची मुलगी धाकट्या भावाला चावते. सहा वर्षांचा मुलगा भर बाजारात जमिनीवर लोळण घेतो आणि चार माणसांत आईला मान खाली घालावी लागते. असे प्रसंग कोणत्या घरात घडत नाहीत? दोन ते चार वर्षे या वयात हट्ट, रडारड आणि आदळआपट ही वाढीचीच एक अवस्था असते आणि बहुतेक मुले तिच्यातून सुखरूप बाहेर पडतात. परंतु काही मुलांच्या बाबतीत हे वर्तन दिवसातून अनेकदा घडते, महिनोन्महिने टिकते, वाढत्या वयाबरोबर अधिक तीव्र होते आणि घराचा उंबरठा ओलांडून शाळेपर्यंत पोहोचते. अशा मुलांपैकी अनेकांना पुढे शिक्षणात आणि मैत्रीत अडचणी येतात. काही जण तारुण्यात कायद्याच्या कचाट्यातही सापडतात. म्हणून या प्रश्नाची वासलात केवळ 'घरोघरी मातीच्या चुली' असे म्हणून लावता येत नाही.

आजच्या व्याख्यानात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. अशा मुलांच्या पालकांना नेमके काय शिकवता येते, हा पहिला प्रश्न. आणि शिकवणारा तज्ज्ञ शेकडो किलोमीटर दूर असेल, त्याची आणि पालकांची प्रत्यक्ष भेट कधीच होणार नसेल, तर हे शिकवणे शक्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर समजल्यावाचून दुसऱ्याचे उत्तर समजणार नाही.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात नेटाने सुरू झाला. जेरल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना प्रयोगशाळेत बोलावण्याऐवजी निरीक्षकांनाच घरोघरी पाठवले. घरातील सर्व माणसे हजर असताना निरीक्षक एका बाजूस बसत आणि कोण काय बोलले, त्यावर दुसऱ्याने काय केले, याची नोंद काही सेकंदांच्या अंतराने करीत. या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींतून एक साधे पण महत्त्वाचे चित्र पुढे आले.

आई म्हणते, "खेळणी उचल." मूल ऐकले न ऐकलेसे करते. आई आवाज चढवते. मूल किंचाळू लागते. आई आणखी रागावते, मूल आणखी जोराने किंचाळते. अखेर आई थकते, "जाऊ दे बाबा" म्हणते आणि स्वतःच खेळणी उचलते. त्याच क्षणी किंकाळ्या थांबतात. या दोन मिनिटांत दोघांनीही एकेक धडा घेतलेला असतो. किंचाळले की काम टळते, हा मुलाचा धडा. माघार घेतली की घरात शांतता होते, हा आईचा. एखाद्या दिवशी आई माघार घेत नाही, ती फटका देते आणि मूल क्षणभर गप्प होते. तेव्हा फटका उपयोगी पडतो, असे आईला वाटू लागते. आणि ज्याचा जोर अधिक त्याचेच चालते, असे मूल शिकते. हा खेळ रोज दहा-वीस वेळा घडत राहिला म्हणजे दोन्ही बाजूंचा जोर वाढत जातो. परस्परांवरील जबरदस्तीच्या या चक्राचे सविस्तर विवेचन पॅटरसन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले.

या विवेचनाचे मोठेपण असे, की त्यात आई दुष्ट ठरत नाही आणि मूलही दुष्ट ठरत नाही. प्रत्येक जण त्या क्षणापुरती सुटका शोधत असतो, आणि ती सुटकाच उद्याच्या भांडणाचे बी पेरते. दुसरीही एक गोष्ट या निरीक्षणांतून लक्षात आली. मूल अर्धा तास शहाण्यासारखे खेळत असते, तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मोठी माणसे हीच आपली कामे उरकण्याची संधी मानतात. मुलाने भिंतीवर रेघोट्या ओढल्या की मात्र सारे घर धावते. मुलाला मोठ्यांचे लक्ष अन्नापाण्याइतके हवे असते. ते चांगल्या वागण्याने मिळत नसेल, तर वाईट वागण्याने मिळवले जाते.

हे एकदा मान्य केले की उपचाराची दिशा बदलते. मुलाला आठवड्यातून एक तास तज्ज्ञाच्या खोलीत बसवून विशेष काही साधत नाही, कारण चक्र त्या खोलीत नसते; ते स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, शाळेत निघण्याच्या घाईत असते. तेथे हजर असतात ते पालक. म्हणून पालकांनाच शिकवावे, हा विचार पुढे आला. ऑरेगॉनमध्येच कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी याच सुमारास दोन टप्प्यांची एक पद्धत बांधली. पहिल्या टप्प्यात पालकाने मुलाच्या कलाने त्याच्याशी खेळावयाचे. दुसऱ्या टप्प्यात स्पष्ट आज्ञा देणे आणि तिचा परिणाम घडवून आणणे शिकावयाचे. पुढे शीला आयबर्ग यांनी याच पायावर आपली उपचारपद्धती उभी केली. तिच्यात आई आणि मूल एका खोलीत खेळतात. तज्ज्ञ पलीकडच्या खोलीत, एकाच बाजूने पारदर्शक असलेल्या आरशामागे उभा राहतो आणि आईच्या कानातील लहानशा यंत्रातून तिला हलक्या आवाजात सूचना देतो. येथे एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे : या पद्धतीत तज्ज्ञ मुलाशी बोलतच नाही. भिंतीपलीकडचा का होईना, तो आरंभापासूनच दूर आहे.

पालकांना जे शिकवले जाते त्यात गूढ असे काही नाही. प्रथम मोजणे. मूल 'नेहमीच' त्रास देते, असे सांगणाऱ्या पालकाला एक कागद दिला जातो आणि ठरावीक प्रकारचे वर्तन दिवसातून किती वेळा, कोणत्या वेळी, कशानंतर घडले, हे लिहावयास सांगितले जाते. 'नेहमीच'चे दिवसातून पाच वेळा झाले, की प्रश्न हाताळण्याजोगा होतो. दुसरी गोष्ट रोजच्या खेळाची. पाच-दहा मिनिटे पालकाने मुलाजवळ बसावे, आज्ञा करू नये, प्रश्न विचारू नयेत, चुका काढू नयेत. मूल जे करते आहे त्यात रस घ्यावा. तिसरी गोष्ट कौतुकाची. नुसते "शाबास" पुरत नाही. "हाक मारल्याबरोबर आलास, हे फार चांगले केलेस" असे म्हटले, तर आपण नेमके काय चांगले केले हे मुलाला कळते.

चौथी गोष्ट आज्ञा देण्याची. दुसऱ्या खोलीतून ओरडून दिलेली आज्ञा ही आज्ञा नव्हे. जवळ जावे, नजरेस नजर मिळवावी, एका वेळी एकच काम सांगावे आणि थोडे थांबावे. "जरा नीट वाग" यापेक्षा "चपला कोपऱ्यात ठेव" हे सांगणे मुलाला अधिक समजते. पाचवी गोष्ट किरकोळ कुरकुरीकडे दुर्लक्ष करण्याची. आणि सहावी, मारणे, तोडाफोडी करणे यांसारख्या वर्तनासाठी आधी सांगून ठेवलेला, लहानसा, प्रत्येक वेळी न चुकता होणारा परिणाम : खेळणे थोडा वेळ काढून घेणे, किंवा मुलाला दोन-चार मिनिटे शांतपणे एका बाजूस बसवणे. शिक्षा कठोर असण्यापेक्षा ती निश्चित असणे महत्त्वाचे. मात्र पहिल्या तीन गोष्टी साधल्याशिवाय शेवटच्या दोन गोष्टींना हात घालू नये, असा या सर्व पद्धतींचा आग्रह असतो. ज्या मुलाला एरवी लक्षच मिळत नाही, त्याच्याकडे आणखी दुर्लक्ष करून काय साधणार?

हे सर्व ऐकावयास सोपे आहे. आचरणात आणणे अवघड आहे, कारण जुन्या सवयी दोन्ही बाजूंच्या असतात. शिवाय एक अडचण अशी, की पालकाने हट्टापुढे नमणे थांबवले की हट्ट प्रथम कमी न होता वाढतो. आजवर पाच मिनिटे रडल्यावर जे मिळत होते ते मिळेना, तेव्हा मूल दहा मिनिटे रडून पाहते. याच टप्प्यावर बहुतेक पालक हताश होतात. पाचव्या दिवशी ते नमले, तर मुलाने अधिक चिकाटीने रडण्याचा धडा घेतलेला असतो. या नाजूक दिवसांत "हे अपेक्षितच होते, आणखी थोडे दिवस धीर धरा" असे सांगणारा कोणीतरी हवा. सगळ्या प्रशिक्षणाचे यश पुष्कळदा या एका वाक्यावर अवलंबून असते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या. हे शिकवणारी माणसे मोठ्या शहरांत असतात. प्रशिक्षण एका बैठकीत संपत नाही. आठवड्यातून एकदा याप्रमाणे अडीच-तीन महिने यावे लागते. मजुरी बुडते, प्रवासखर्च होतो, घरातील दुसऱ्या मुलाला कोणाकडे ठेवावे हा प्रश्न उभा राहतो. मानसोपचाराच्या दारात आपल्याला कोणी पाहील, ही भीती वेगळीच. परिणामी ज्या घरांना मदतीची सर्वांत अधिक गरज असते, तीच घरे पहिल्या दोन-तीन भेटींनंतर येईनाशी होतात.

पालकांना दुरून शिकवण्याची कल्पना मात्र नवी नाही. लॉस एंजेलिस येथे १९४२ साली स्थापन झालेल्या जॉन ट्रेसी क्लिनिकने लवकरच बहिऱ्या लहान मुलांच्या पालकांसाठी टपालाने पाठ पाठवण्यास प्रारंभ केला. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागातील विखुरलेल्या वाड्यांवर राहणाऱ्या मुलांसाठी १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथून बिनतारी यंत्रावरून शाळा भरू लागली. पॅटरसन यांनी एलिझाबेथ गुलियन यांच्यासह १९६८ साली पालकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात प्रत्येक परिच्छेदानंतर वाचकाने स्वतःच उत्तर भरून पुढे जावयाचे होते. टपाल, बिनतारी यंत्र आणि पुस्तक या तिन्ही साधनांची चाचणी अशा रीतीने इतर कामांत आधीच होऊन गेली होती. अवघड वर्तनाच्या मुलांबाबत ती पुरेशी पडतात काय, एवढेच पाहावयाचे होते.

याचे पहिले भरीव उत्तर अमेरिकेतील सिॲटल येथे कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांच्या प्रयोगातून मिळाले. त्यांनी पालक आणि मुलांचे छोटे छोटे प्रसंग चित्रफितींवर घेतले होते. काही प्रसंगांत पालक योग्य रीतीने वागतात, काहींत चुकतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ११४ मुलांच्या कुटुंबांचे चार गट पाडण्यात आले. एका गटातील पालकांनी चित्रफिती एकट्याने पाहिल्या, कोणाही तज्ज्ञाशी चर्चा केली नाही. दुसऱ्याने चित्रफितींशिवाय गटचर्चा केली. तिसऱ्याला चित्रफिती आणि चर्चा दोन्ही मिळाल्या. चौथा गट प्रतीक्षा करीत राहिला. प्रतीक्षा करणाऱ्यांच्या तुलनेत तिन्ही गटांत सुधारणा दिसली. केवळ चित्रफिती पाहणाऱ्यांतही दिसली. हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. परंतु तीन वर्षांनी याच कुटुंबांची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ज्यांना चित्रफिती आणि चर्चा दोन्ही मिळाल्या होत्या त्यांचीच सुधारणा सर्वांत चांगली टिकून राहिली होती. ज्ञान चित्रफितीतून पोहोचते. ते टिकवण्यास मात्र माणसांची सोबत लागते, असे या दोन निष्कर्षांतून दिसते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातला. या राज्याचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून थोडे अधिक आहे आणि त्याची राजधानी ब्रिस्बेन एका कोपऱ्यात आहे. तेथील विद्यापीठात मॅथ्यू सँडर्स आणि त्यांचे सहकारी पालक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालवीत होते. दूरवरच्या पशुपालकांनी आणि शेतकऱ्यांनी दर आठवड्याला ब्रिस्बेनला यावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते. म्हणून बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या २४ पालकांना घेऊन एक छोटा प्रयोग करण्यात आला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या पालकांना एक वाचनपुस्तिका, एक स्वाध्यायपुस्तिका आणि दहा आठवडे दर आठवड्याला तज्ज्ञाचा एक दूरध्वनी, एवढेच देण्यात आले. प्रतीक्षेत असलेल्या पालकांच्या तुलनेत या घरांतील मुलांचे त्रासदायक वर्तन कमी झाले. एवढेच नव्हे, तर मातांच्या मनावरील ताण आणि खिन्नताही कमी झाली, आणि चार महिन्यांनंतरही हा लाभ टिकून होता.

कॅनडातील हॅलिफॅक्स येथे पॅट्रिक मॅकग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहीपुढे एक पाऊल टाकले. त्यांच्या कार्यक्रमात दूरध्वनी करणारी व्यक्ती मानसशास्त्रज्ञ किंवा डॉक्टर नसते. ती विशेष प्रशिक्षण दिलेली मार्गदर्शक असते, आखून दिलेल्या क्रमानेच बोलते आणि तिच्या कामावर तज्ज्ञांची देखरेख असते. पालक आणि मार्गदर्शक एकमेकांना कधीच भेटत नाहीत. २०११ साली या कार्यक्रमाच्या तीन चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत वर्तनाच्या आणि चिंतेच्या विकारांनी ग्रासलेली मिळून २४३ मुले होती. नेहमीच्या सेवेवर सोडलेल्या मुलांपेक्षा दूरध्वनीद्वारा मदत मिळालेल्या मुलांत अधिक सुधारणा आढळली. या कार्यक्रमातील पालकांशी झालेल्या मुलाखतींत आणखी एक गोष्ट समोर आली. समोरचा माणूस आपला चेहरा पाहत नाही, आपल्या घराची अवस्था पाहत नाही, त्यामुळे बोलणे सोपे जाते, असे अनेक पालकांनी सांगितले. जवळ बसलेल्या तज्ज्ञाला जे सांगता येत नाही, ते दूरच्या आवाजाला सांगता येते. दूरत्व ही नेहमी उणीवच असते, असे नाही.

फिनलंडमध्ये हीच पद्धत संपूर्ण लोकसंख्येच्या पातळीवर तपासण्यात आली. त्या देशात बालकांच्या आरोग्यतपासणीची सार्वजनिक केंद्रे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक मूल तेथे जाते. तुर्कू विद्यापीठाचे आंद्रे सोरँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांच्या तपासणीच्या वेळी पालकांना एक प्रश्नावली दिली. मदत मागण्यास कोणी येईल याची वाट न पाहता, ज्यांच्या उत्तरांतून गंभीर अडचण दिसली त्यांना कार्यक्रमातच येण्याचे निमंत्रण देण्यात आले. ४६४ कुटुंबे सहभागी झाली. निम्म्यांना अकरा पाठांचा इंटरनेटवरील अभ्यासक्रम आणि दर आठवड्याला मार्गदर्शकाचा दूरध्वनी मिळाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर या मुलांच्या वर्तनात दुसऱ्या गटापेक्षा स्पष्ट अधिक सुधारणा होती; दोन वर्षांनंतरच्या पाहणीतही ती दिसली. अमेरिकेत मायामी येथे जोनाथन कोमर यांनी आयबर्ग यांची आरशाची खोली घरी नेली. संगणकावरील कॅमेऱ्यातून तज्ज्ञ घरातील खेळ पाहतो आणि कानातील यंत्रातून बोलतो. ४० मुलांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली आले आणि घरबसल्या मिळालेले प्रशिक्षण चिकित्सालयातील प्रशिक्षणाहून कमी ठरले नाही. २०२० साली कोविडच्या साथीने चिकित्सालयांची दारे बंद केली, तेव्हा जगभर अनेकांना याच वाटेने जावे लागले.

साधने अशी बदलत गेली. पुस्तकाची जागा चित्रफितीने आणि चित्रफितीची जागा इंटरनेटने घेतली. जे प्रयत्न यशस्वी ठरले, त्यांतील बहुतेकांत मात्र एक गोष्ट कायम राहिली : ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, "मागच्या आठवड्यात काय झाले?" असे विचारणारा आवाज. हे विचारणे म्हणजे उपदेश नव्हे. एक कल्पित उदाहरण घेऊन ते पाहता येईल. समजा, एका छोट्या गावात एक आई आहे. पती नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो; घरात सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. संध्याकाळी मार्गदर्शक बाईंचा दूरध्वनी येतो.

"या आठवड्यात रडारड किती वेळा झाली?"

"कमी कुठली हो ताई, वाढलीच! रविवारी पाच वेळा, सोमवारी चार, मंगळवारी पुन्हा पाच. बुधवारी मात्र एकदाच."

"बुधवारी वेगळे काय होते?"

आई थोडी थांबते. "बुधवारी सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या."

"मग इतर दिवशी तो रडला की काय होते?"

"त्यांना बघवत नाही. त्या हळूच गोळी देतात. त्यांना सांगायचे तरी कसे?"

"गोळी बंद करा, असे मुळीच सांगू नका. त्यांचा नातवावर जीव आहे. फक्त वेळ बदला. पहिल्या हाकेला त्याने हातपाय धुतले, की मगच गोळी द्यायची आणि ती आजीच्याच हातून. हे त्यांनाच सुचल्यासारखे होईल, असे बोलता येईल का?"

येथे मार्गदर्शकाने नवे काहीच सांगितलेले नाही. आईच्याच नोंदीतून आईलाच उत्तर शोधावयास लावले आहे. आजीचा मान राहिला, गोळीही राहिली. बदलला तो क्रम. बक्षीस रडण्यानंतर न येता ऐकण्यानंतर येऊ लागले. हे छापील पुस्तिकेला करता आले नसते, कारण बुधवारच्या कीर्तनाची गोष्ट पुस्तिकेला कोठून ठाऊक असणार?

दूरप्रशिक्षणाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की वरील प्रयोगांतील सुधारणा बहुतांशी पालकांनीच, विशेषतः मातांनी, भरलेल्या प्रश्नावलींवरून मोजली गेली आहे. पालकाची दृष्टी बदलणे हाही लाभच. पण तो मुलाच्या बदलाहून वेगळा लाभ आहे. दुसरी अशी, की जे कुटुंब सहभागी होण्यास तयार असते त्याच्याविषयीच हे निष्कर्ष आहेत. फिनलंडमध्येही निमंत्रण मिळालेल्या सर्वांनी ते स्वीकारले नव्हते. तिसरी सर्वांत महत्त्वाची. 'न ऐकणाऱ्या' मुलाला कदाचित नीट ऐकूच येत नसेल; कदाचित त्याची वाढ मंद असेल, झोप अपुरी असेल, किंवा शाळेत त्याचा छळ होत असेल. हे आधी तपासले पाहिजे. घरात मारहाण होत असेल, मूल स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करीत असेल, आईच तीव्र नैराश्यात असेल, तर आठवड्याच्या एका दूरध्वनीवर विसंबणे धोक्याचे आहे. तेथे प्रत्यक्ष माणसाने पोहोचले पाहिजे. दुरून काम करणाऱ्याला कोठे थांबावे हे कळणे, हा त्याच्या प्रशिक्षणाचा अत्यावश्यक भाग होय.

भारताच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ काय? मुलांच्या मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ येथे लोकसंख्येच्या मानाने फारच थोडे आहेत आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. म्हणून तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून किती काम होऊ शकते, हा येथे अभ्यासाचा विषय नसून गरजेचा विषय आहे. या दिशेने एक उपयुक्त अनुभव गोव्यातून मिळाला. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे स्वमग्नता असलेल्या ६५ मुलांच्या पालकांना अशा कार्यकर्त्यांनी मुलांशी संवाद साधण्याच्या रीती शिकवल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पालकांचा प्रतिसाद आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करणे या दोहोंत सुधारणा दिसली. सर्वच मोजमापांत मात्र ती दिसली नाही. हा विकार वेगळा आणि भेटीही प्रत्यक्ष होत्या. परंतु पालकांना शिकवण्याचे काम साधे शिक्षण झालेली, स्थानिक भाषा बोलणारी माणसे करू शकतात, एवढे त्यातून कळले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' या शासकीय सेवेमुळे १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी बोलण्याची सोय अनेक भारतीय भाषांत झाली आहे. ही मुख्यतः प्रसंगी मदत मागण्याची सोय आहे. आठवड्यामागून आठवडा चालणारे पालक-प्रशिक्षण ही त्यापुढची पायरी होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली पालकांसाठीच्या अशा कार्यक्रमांची शिफारस करणारी मार्गदर्शक सूत्रेही प्रसिद्ध केली आहेत.

ही पायरी चढताना परदेशी पुस्तिकेचे नुसते भाषांतर पुरणार नाही. "एका वेगळ्या खोलीत मुलाला शांत बसवा" ही सूचना एका खोलीच्या घरात निरर्थक आहे; तेथे भिंतीलगतची एक चटई पुरे. तोंडावर कौतुक केले तर मूल शेफारेल किंवा त्याला दृष्ट लागेल, असे मानणाऱ्या घरात कौतुकाचा आग्रह धरण्यापूर्वी त्या समजुतीविषयी आदराने बोलावे लागेल. मुलाला वळण लावणारी माणसे आई-वडील दोघेच नसतात. आजी, आजोबा, काका, आत्या हेही असतात, आणि एकाने नाकारलेले दुसऱ्याकडून मिळवण्यात मुले फार चतुर असतात. म्हणून पाठ घरातील सर्वांसाठी असले पाहिजेत. घरात एकच दूरध्वनी असेल आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात असेल, तर दुपारी ठरवलेल्या वेळेला अर्थ उरत नाही. जिला वाचता येत नाही, तिच्यासाठी लेखी नोंदवहीऐवजी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चिंचोके टाकण्याची नोंदही चालू शकेल. मोजणे महत्त्वाचे आहे, कागद नव्हे.

माराचा प्रश्नही टाळता येणार नाही. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. घराच्या चार भिंतींत मात्र 'छडी लागे छमछम' ही समजूत अजून टिकून आहे. ज्या आईला दुसरा मार्ग ठाऊक नाही, तिला मारू नको एवढेच सांगणे म्हणजे तिच्या हातातील काठी काढून घेऊन तिला रिकाम्या हाताने उभे करणे होय. पालक-प्रशिक्षण तिच्या हातात दुसरे काही देते, आणि म्हणूनच ते नुसत्या उपदेशाहून वेगळे आहे.

शेवटी मूळ मुद्द्याकडे यावे. मुलाच्या अवघड वर्तनावरील उपचार पालकाच्या रोजच्या लहान लहान प्रतिसादांत आहे, आणि ते प्रतिसाद देण्यास तज्ज्ञ घरात कधीच उपस्थित नव्हता. तो शेजारच्या इमारतीत असला काय किंवा शेकडो किलोमीटर दूर असला काय. तार, चित्रफीत, इंटरनेट यांनी त्याचे शब्द घरापर्यंत पोहोचवता येतात. परंतु यंत्रे बसवून झाली, पाठांची भाषांतरे झाली, म्हणजे काम झाले असे समजून चालणार नाही. अशा कोणत्याही योजनेची परीक्षा पहिल्या आठवड्यातील नावनोंदणीने होत नाही. चौथ्या आठवड्यात, मुलाचा हट्ट पूर्वीपेक्षा वाढलेला असताना, थकलेल्या आईला ठरल्या वेळी दूरध्वनी येतो की नाही, आणि तो करणाऱ्याच्या मागे त्याला पगार देणारी, शिकवणारी व त्याच्या कामावर लक्ष ठेवणारी संस्था उभी आहे की नाही, यानेच ती होते. ज्या योजना हा खर्च अनावश्यक समजून वाचवतील, त्यांच्या पुस्तिका घरोघरी पोहोचतील. पण त्या घरांतील संध्याकाळ पूर्वीसारखीच राहील.